सेडोनात वयस्कर आईवडिलांना घेऊन जाण्यासारखी सोपी पायवाट कोणती?

आपण विचारले आहे की पुण्याहून आलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या आईवडिलांना ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्सहून एका दिवसासाठी सेडोनाला न्यायचे असून वडिलांचे गुडघे दुखतात, तेव्हा लाल खडक जवळून पाहता येतील अशी सोपी पायवाट कोणती. मी फे कॅन्यन सुचवेन. जाऊन-येऊन अंतर सुमारे ४ किलोमीटर असून चढ जवळजवळ नाहीच, आणि सुरुवातीचा उघडा भाग ओलांडला की पुढे झाडांची बऱ्यापैकी सावली मिळते. उजवीकडे खडकाच्या नैसर्गिक कमानीकडे एक फाटा जातो, पण तो चढाचा आणि घसरडा असल्याने वडिलांना घेऊन तिकडे वळू नये. वाट संपते तिथे लाल भिंत समोर उभी राहते. काही जण तिच्याही वर चढतात, परंतु खाली बसून जे दिसते ते पुरेसे आहे.

माझे आईवडील आले होते तेव्हा मी एक चूक केली. वाट सपाट आहे एवढ्याच भरवशावर आम्ही सकाळी अकराला निघालो, तिघांत मिळून एक लिटर पाणी घेऊन. सेडोनाची उंची जवळपास महाबळेश्वराएवढी, म्हणजे सुमारे १,३०० मीटर आहे आणि हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, तो आल्या आल्या उडून जातो. घामाने चिंब होण्याची सवय असलेल्या बाबांना त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असे वाटत राहिले आणि त्यांनी पाणी मागितले नाही. परतताना त्यांना गरगरले, तेव्हा पाहिले तर शर्ट कोरडा ठणठणीत होता, पण टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. म्हणून माणशी किमान दीड लिटर पाणी आणि थोडे खारे शेंगदाणे जवळ ठेवावेत, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट प्यायला लावावे. ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, पिण्याचे पाणी मिळत नाही.

काटेकोरपणे पाहता हा प्रदेश साहाराप्रमाणे वाळवंट नसून उंचावरचा अर्धशुष्क प्रदेश आहे, त्यामुळे वाटेवर ज्युनिपरची पीळदार खोडे, फड्या निवडुंग आणि चक्क घायपातही दिसते. आमच्या बाबांनी ती ओळखली आणि गावाकडे तिचे दोर कसे वळत हे आईला सांगत ते बराच वेळ उभे राहिले. निवडुंगाला मात्र हात लावू देऊ नये. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा बारीक कुसळे अधिक छळतात, म्हणून पिशवीत एक चिमटा असावा. पायवाट सोडूनही चालू नये, कारण कडेला काळसर, खडबडीत दिसणारी माती सूक्ष्मजीवांनी बांधलेली जिवंत साय असते आणि एका पावलाने मोडलेली ती भरून यायला कित्येक वर्षे जातात.

खडकांचा लाल रंग आपल्या कोकणातल्या जांभ्याप्रमाणेच लोहाच्या ऑक्साइडचा आहे. घडण मात्र वेगळी: जांभा मुसळधार पावसाने खडक झिजून तयार होतो, तर इथे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या कणांवर गंजाचा पातळ थर चढलेला आहे. वर फिकट पिवळसर दिसणारा कोकोनिनो वालुकाश्म त्याच्यानंतरचा, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा.

ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे महिना आपण योग्य निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि अचानक येणारे पाण्याचे लोंढे अशा दोन्हींची धास्ती असते. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा आणि आठच्या आत पोहोचावे, कारण पार्किंग लहान आहे. पोहोचण्यासाठी फिनिक्सहून दोन तास धरावेत. इथल्या बऱ्याच ट्रेलहेडवर गाडी उभी करण्यासाठी रेड रॉक पास लागतो; राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत, आणि वडिलांसाठी एक काठी.

परतताना १७९ क्रमांकाच्या रस्त्याने यावे. त्यावर कोर्टहाउस व्हिस्टाच्या पार्किंगमध्ये सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी थांबले, तर एक पाऊलही न चालता बेल रॉक आणि कोर्टहाउस ब्यूट हे दोन्ही खडक पेटल्यासारखे लाल झालेले दिसतात, आणि तोवर वडिलांच्या गुडघ्यांनाही विश्रांती मिळालेली असते.