शेवट आधीच कळलेला असताना 'द लव्ह हायपोथिसिस' पुढे का वाचावी?

आपण विचारले आहे की, मैत्रिणीच्या आग्रहाखातर अ‍ॅली हेझलवूड यांची 'द लव्ह हायपोथिसिस' वाचायला घेतली, पन्नास पानांतच प्रेमाचे नाटक करणारी ही दोघे शेवटी खरोखर प्रेमात पडणार हे कळून चुकले, तर मग उरलेली तीनशे पाने वाचण्यात काय हशील? मी ही कादंबरी दोनदा वाचली आहे. पहिल्या वेळी मलाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर दुसऱ्या वाचनात मिळाले. ते सांगताना कथानक उघड करावे लागेल, त्याला माझा इलाज नाही.

२०२१ साली आलेल्या या कादंबरीतील ऑलिव्ह स्मिथ ही स्टॅनफर्ड विद्यापीठात जीवशास्त्रात पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी आहे. जेरेमी नावाच्या ज्या मुलाबरोबर ती काही काळ फिरत होती, तो तिची जिवलग मैत्रीण आन हिला आवडू लागतो. पण ऑलिव्हला वाईट वाटेल म्हणून आन पुढे पाऊल टाकत नाही. आपल्या मनात आता दुसराच कोणी आहे हे आनला पटावे म्हणून ऑलिव्ह रात्री विभागाच्या मार्गिकेत समोर दिसलेल्या पहिल्या पुरुषाचे चुंबन घेते, आणि तो निघतो डॉ. अ‍ॅडम कार्लसन, म्हणजे ज्याच्या शेऱ्यांनी विद्यार्थी रडकुंडीला येतात असा प्राध्यापक. इथवर सगळे ओळखीचे आहे. अशा कथांत खरी पंचाईत पुढे असते, कारण समोरच्याने या खोटेपणात सामील का व्हावे, याचे पटण्याजोगे कारण लेखकाला द्यावे लागते आणि बहुतेक जण तिथेच घसरतात.

हेझलवूड यांनी दिलेले कारण अगदी कारकुनी आहे आणि मला ते फार आवडले. अ‍ॅडम दुसऱ्या विद्यापीठात जाईल या संशयाने त्याच्या संशोधनाच्या निधीचा काही भाग स्टॅनफर्डने अडकवून ठेवला आहे. इथल्याच मुलीशी त्याचे जुळले आहे असे दिसले, तर तो इथेच मूळ धरतो आहे असे वाटून पैसे सुटतील, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे नाटकाला २९ सप्टेंबर ही मुदत पडते आणि दर बुधवारी, लोकांना दिसेल अशा जागी, दहा मिनिटे एकत्र कॉफी पिण्याचे ठरते. आपल्याकडे लग्नाचे किंवा प्रेमाचे सोंग आणले जाते ते आई-वडिलांसाठी किंवा घरमालकासाठी, आणि या कादंबरीत घरचे कोणी जवळपास फिरकतही नाही. ऑलिव्हची आई स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेली आहे आणि त्याच रोगाचे निदान लवकर कसे करता येईल हा तिच्या संशोधनाचा विषय आहे. आप्तांची जागा इथे गाइड, विभागप्रमुख आणि ग्रँट यांनी घेतली आहे. मी स्वतः काही वर्षे लॅबमध्ये काढली आहेत, फेलोशिप सात-सात महिने रखडलेली पाहिली आहे, त्यामुळे अडकलेल्या निधीसाठी माणूस प्रेमाचे सोंगही आणील, यावर माझा लगेच विश्वास बसला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. कादंबरीच्या अगदी सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे, जो आपण कदाचित भराभर वाचून पुढे गेला असाल. पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी आलेली ऑलिव्ह मुदत संपलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यामुळे डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत प्रसाधनगृहात उभी असते. तिथे आलेला एक माणूस तिच्याशी संशोधन का करावे याविषयी बोलतो, आणि पाण्याने डबडबलेल्या डोळ्यांना त्याचा चेहरा दिसत नाही. तो अ‍ॅडम होता. तो तिला तेव्हापासून विसरलेला नाही. हे लक्षात ठेवून बुधवारच्या कॉफीची प्रकरणे पुन्हा वाचली, तर नाटक दोघांचे नसून एकट्या ऑलिव्हचे आहे, हे दिसू लागते. भोपळ्याच्या मसाल्याच्या गोडमिट्ट कॉफीवर नाक मुरडत तिचे पैसे मात्र तोच देतो; व्याख्यानाला गर्दी झाली आणि आनच्या आग्रहामुळे ऑलिव्हला त्याच्या मांडीवर बसावे लागले, तेव्हा तो जवळजवळ काहीच बोलत नाही. पहिल्या वाचनात हा मला त्याचा तुसडेपणा वाटला होता, दुसऱ्या वेळी त्याच गप्प बसण्याकडे बघून मला त्याची दया आली. शेवट काय होणार हे आपल्याला कळले आहे, पण सुरुवात कधी झाली हे आपल्याला आणि ऑलिव्हला वेगवेगळ्या वेळी कळते, आणि वाचण्याची सारी गंमत या अंतरात आहे.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. अ‍ॅडम किती उंच आणि केवढा धिप्पाड आहे हे इतक्या वेळा सांगितले आहे की, एखाद्या संपादकाने लाल पेन्सिल हाती घ्यायला हवी होती. मूळ लेखन 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील रे आणि कायलो रेन या जोडीवरची फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने आवडत्या पात्रांवर रचलेली कथा, म्हणून इंटरनेटवर आले होते; या वर्णनांत त्या जोडीची छाया राहून गेली असावी, असा माझा कयास आहे. मधल्या भागात, आपल्याला आवडणारा माणूस कोणी दुसराच आहे असे ऑलिव्ह अ‍ॅडमला सांगते, ते तर केवळ कथा लांबवण्यासाठी घातलेले आहे. शिवाय तो तिचा गाइड नसला, तरी प्राध्यापक आणि विद्यार्थिनी यांच्यातील अधिकाराची दरी लेखिका नियमांच्या एक-दोन वाक्यांत ओलांडते, हे मला खटकले.

ती दरी खऱ्या वजनाने येते ती बोस्टनच्या परिषदेत. ज्याच्या हार्वर्डमधील लॅबमध्ये ऑलिव्हला काम करायचे आहे तो टॉम बेंटन, अ‍ॅडमचा मित्र, तिचे भाषण संपल्यावर तिला एकटीला गाठून तिच्या कामाची किंमत अ‍ॅडमशी असलेल्या नात्यावरून करतो आणि घाणेरडा प्रस्ताव ठेवतो. जे नाते मुळात खोटे होते, त्याची शिक्षा मात्र तिला खरी भोगावी लागते. गाइडला ऐकवण्यासाठी तिने भाषणाचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवलेले असते आणि ते बंद करायचे राहून गेल्यामुळे टॉमचे शब्दही त्यात सापडतात; हा योगायोग जरा सोयीचा आहे, पण तोपर्यंत मी इतका संतापलो होतो की मला तो चालला.

आपण पन्नास पानांवर थांबला आहात, तर निदान बोस्टनपर्यंत जावे असे मी सुचवीन. त्याआधी सुरुवातीचा तो प्रसाधनगृहातील प्रसंग मात्र एकदा उलटून वाचून घ्यावा. चार-पाच पानांचाच आहे.