मोठा किट आत्ताच घेऊ नकोस

भाऊ, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती शिकायला शंभर नगांचा तयार किट घ्यायचा म्हणतोस, तो सध्या राहू दे. स्वस्त किटमधल्या बिट्स, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बदलती टोकं, पहिल्याच घट्ट स्क्रूवर गुळगुळीत होतात. त्यापेक्षा नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) चक्कर मार आणि सुटं सामान हातात घेऊन, बघून घे.

आधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर. डीटी-830डी स्वस्तात मिळतो आणि त्यात कंटिन्युइटीचा बझर असतो, म्हणजे तार सलग जोडलेली असली की तो वाजतो. तसाच दिसणाऱ्या 830बीमध्ये तो नसतो, म्हणून दुकानातच दोन्ही प्रोब (मीटरच्या तारांची टोकं) एकमेकांना टेकव. आवाज आला पाहिजे. हा मीटर बॅटरीवरच्या वस्तूंसाठीच, घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनवर नको.

सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग द्यायचं गरम हत्यार, 25 वॉटचं पुरे. सोल्डर वायरमध्ये मात्र काटकसर अजिबात नको. 60/40 ची (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), आत रोझिन (डाग नीट बसवणारी राळ) असलेली घे. ती 183 ते 190 अंश सेल्सिअसला वितळते आणि सांधा चकचकीत बसतो. हलक्या दर्जाची वायर गोळा होऊन आयर्नच्या टोकालाच चिकटते, आणि नवख्याला वाटतं आपल्या हातालाच जमत नाही. चांगली पोरं इथेच नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. वायरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेव, हात धुऊनच जेव.

बाकी डिसोल्डरिंग पंप (वितळलेलं सोल्डर ओढून काढणारा), चिमटा, कटर, बस.

सरावाला जुने रिमोट, खेळणी घे. मे महिन्यात शेजारचे कूलर दाखवायला आणतीलच, पण सध्या नाही म्हण. टीव्ही, चार्जरही उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.