एमएस प्रोजेक्टमध्ये फक्त शेवटचं काम लाल दिसतंय आणि बाकी सगळ्यांना भरपूर स्लॅक आहे, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडच्या एका टू बीएचकेच्या रिनोव्हेशनचं शेड्युल एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कुठल्या कामानंतर कुठलं याच्या लिंक लावल्या, आणि क्रिटिकल टास्क, म्हणजे ज्यांना उशीर झाला की शेवटची तारीख हलते ती कामं, दाखवायला सांगितल्यावर एकटं पेंटिंग लाल झालं. वायरिंगला ८ दिवस स्लॅक, म्हणजे एवढा उशीर झाला तरी शेवटची तारीख हलत नाही, फॉल्स सीलिंगलाही ८, एसीच्या कॉपर पायपिंगला तर २४. साहेब म्हणतात क्रिटिकल पाथची प्रिंट आण, आणि तुम्हाला हे आकडे पटत नाहीत. न पटणं बरोबर आहे. सॉफ्टवेअरचा हिशेब चुकलेला नाही, पण तुम्ही त्याला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

तुम्ही दिलेली कामं आधी कागदावर मांडू, दिवस म्हणजे कामाचे दिवस. तोडफोड ५. त्यानंतर एकीकडे बाथरूमचं प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग ८, मग टाइल्स ७. दुसरीकडे वायरिंग ६, मग फॉल्स सीलिंग ५. टाइल्स आणि सीलिंग दोन्ही झाल्यावर पेंटिंग ८. तोडफोडीनंतर मॉड्युलर किचन फॅक्टरीत १२ दिवस, आणि टाइल्स झाल्यावर त्याचं फिटिंग ३. एसीचं पायपिंग तोडफोडीनंतर ३. सगळं संपलं की हँडओव्हर.

आता बेरीज करा. तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, पेंटिंग: ५ अधिक ८ अधिक ७ अधिक ८, म्हणजे २८. यापेक्षा लांब साखळी यात नाही, म्हणजे हाच क्रिटिकल पाथ. तुमची फाइल मात्र ३२ दिवस दाखवते. वरचे चार दिवस आले कुठून? पेंटिंगच्या स्टार्टच्या रकान्यात तुम्ही हाताने तारीख टाकली आहे. पेंटर ‘सोमवारपासून येतो’ म्हणाला असेल, तुम्ही सोमवार टाइप केला असेल. ऑटो शेड्युल असलेल्या कामात तारीख टाइप केली की एमएस प्रोजेक्ट न विचारता ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ हे कन्स्ट्रेंट, म्हणजे ‘या तारखेआधी सुरू करायचं नाही’ असं बंधन, लावून मोकळं होतं. डावीकडच्या इंडिकेटरच्या रकान्यात छोटं कॅलेंडर दिसतं, तेच ते.

टाइल्स २०व्या दिवशी संपतात, पेंटिंग २४ दिवस उलटल्याशिवाय सुरू होत नाही. मधे चार दिवस काहीच नाही. त्यामुळे टाइल्सवाला चार दिवस रेंगाळला तरी हँडओव्हर हलत नाही, आणि सॉफ्टवेअर त्याला लाल का करेल? काम मोठं की छोटं, महाग की स्वस्त, कोणामुळे तुमची झोप उडते, हे त्याला माहीत नसतं. तो फक्त दोनदा मोजतो. पुढून मोजत गेलं तर काम लवकरात लवकर कधी संपेल, आणि शेवटापासून उलटं मोजलं तर उशिरात उशिरा कधी संपलं तरी चालेल. या दोन्हींतला फरक म्हणजे टोटल स्लॅक. तो शून्य किंवा त्याहून कमी आला की काम क्रिटिकल.

टास्क इन्फर्मेशनच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन कन्स्ट्रेंट ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ करा. ३२चे २८ होतील आणि चारही कामांची लाल साखळी उभी राहील. एक अपवाद लक्षात ठेवा. पेंटर खरोखरच दुसऱ्या साइटवर अडकलेला असेल तर ती तारीख राहू द्या. मग एकटं पेंटिंग लाल दिसणं हीच खरी परिस्थिती आहे, आणि टाइल्सवाल्याच्या मागे लागून एक दिवसही वाचणार नाही. दुसरा पेंटर शोधला तर वाचेल. साहेबांना हेच सांगायचं असतं.

तारीख काढल्यावर वायरिंग आणि सीलिंगचे ८-८ जाऊन ४-४ होतील. इथे बहुतेक नवे प्लॅनर अडकतात. दोघांना चार-चार मिळून आठ दिवस नाहीत. नवरा-बायकोच्या जॉइंट अकाउंटसारखं आहे, दोघांच्याही मोबाइलवर तोच बॅलन्स दिसतो. इलेक्ट्रिशियनने चारही दिवस खाल्ले की सीलिंगवाल्याकडे शून्य उरतो, आणि तोही लाल होतो. म्हणून टोटल स्लॅकच्या शेजारी फ्री स्लॅकचा रकाना नक्की लावा. फ्री स्लॅक म्हणजे पुढच्या कामाला धक्का न लावता किती उशीर चालेल. वायरिंगचा फ्री स्लॅक शून्य येईल, सीलिंगचा ४. किचनच्या फॅक्टरीचा टोटल ८ पण फ्री फक्त ३, कारण त्यानंतर फिटिंगवाला सरकायला लागतो. सबकॉन्ट्रॅक्टरला आकडा सांगायचाच असेल तर फ्री स्लॅक सांगा. टोटल स्लॅक आपल्या पोटात ठेवायचा. इलेक्ट्रिशियनला ‘चार दिवस आहेत’ म्हटलं की तो चार दिवस आधी दुसरीकडे घालवतो, हे मुंबईत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता एसी. तारीख काढल्यावर त्याचे २४चे २० होतील, तरी तो आकडा खोटाच आहे. त्या कामाला सक्सेसर, म्हणजे लिंकने जोडलेलं पुढचं काम, नाही. ज्याच्या पुढे काहीच जोडलेलं नाही, ते काम प्रोजेक्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत लांबलं तरी चालेल असं सॉफ्टवेअर धरतं. साइटवर काय होतं? कॉपर पाइप आणि ड्रेनचा पाइप सीलिंगच्या वरून जातो. सीलिंग बंद झालं, पुट्टी लागली आणि मग एसीवाला उगवला, तर जिप्समचे बोर्ड कापावे लागतात आणि खर्च कोणाच्या बिलात टाकायचा यावर भांडण होतं. पायपिंगपासून सीलिंगला लिंक लावा, २०चे थेट ७ होतील. कुठल्याही शेड्युलमध्ये कोणाला अवाढव्य स्लॅक दिसला की आनंद मानू नका, आधी सक्सेसरचा रकाना बघा. शेवटच्या हँडओव्हरखेरीज प्रत्येक कामाला सक्सेसर असायलाच हवा, यावर मी तरी तडजोड करत नाही.

साहेबांनी ‘२५ दिवसांत द्यायचंय’ म्हटलं तर पेंटिंगच्या तारखा कोंबत बसू नका. हँडओव्हरच्या माइलस्टोनला, म्हणजे शून्य दिवसांच्या त्या टप्प्याला, डेडलाइन लावा. डेडलाइन तारखा ओढत नाही, फक्त उलट्या मोजणीचा शेवट अलीकडे आणते. लाल साखळीचा स्लॅक उणे ३ होईल, वायरिंग-सीलिंगचा १, एसीचा ४. उणे आकडा बघून लोक घाबरतात, पण साहेबांच्या टेबलावर ठेवायला यापेक्षा चांगला कागद नाही: या चार कामांतून मिळून तीन दिवस काढा, कुठून काढायचे ते सांगा.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवतो ते रविवारीही भरलेलंच असतं, म्हणून तो काळ इलॅप्स्ड, म्हणजे सुट्ट्यांसकट मोजलेल्या दिवसांत द्या. सोसायटी ठोकाठोकीला ठरावीक वेळच देते, त्या कामांना वेगळं कॅलेंडर लावावं लागतं, आणि मग एकाच साखळीत कुठे शून्य तर कुठे अर्धा दिवस स्लॅक दिसून लाल रेघ तुटते. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये सगळ्यात खाली किती स्लॅकपर्यंत काम क्रिटिकल धरायचं याची मर्यादा असते, ती शून्याची १ करा. मोठ्या कामांत मी ती २-३ ठेवतो, कारण दोन दिवस स्लॅकचं काम पुढच्या मीटिंगपर्यंत लाल झालेलंच असतं. शंभर टक्के झालेलं काम क्रिटिकलमधून निघून जातं, त्यामुळे तोडफोड संपल्यावर तिचा लाल रंग गेला तर बिघाड समजू नका. आणि गणपतीला कोकणातले सुतार, होळीला उत्तरेकडचे कारागीर गावाला जातात, ते दिवस कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून टाका. ते टाकले नाहीत तर वरची सगळी गणितं बरोबर येऊनही तारीख चुकणार.

पुढेमागे मोठ्या इन्फ्राच्या कामावर गेलात तर प्रिमावेरा हे शेड्युलिंगचं दुसरं सॉफ्टवेअर समोर येईल. तिथे स्लॅकला फ्लोट म्हणतात, आणि क्रिटिकल ठरवायला फ्लोटऐवजी ‘लाँगेस्ट पाथ’, म्हणजे सगळ्यात लांब साखळी, हा पर्यायही असतो. कॅलेंडरच्या गोंधळात तो जास्त भरवशाचा. हिशेब मात्र तोच, १९५७च्या सुमारास ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी केमिकल प्लांटच्या कामांसाठी बसवलेला.

प्रिंट काढायच्या आधी एवढं करा: पेंटिंगची तारीख काढा, एसीची लिंक लावा, मग वायरिंगच्या ड्युरेशनमध्ये मुद्दाम ६चे ११ टाका. हँडओव्हर २८वरून २९वर गेला तर लिंक बरोबर आहेत. नाही हलला, तर अजून कुठेतरी एखादी तारीख टाइप केलेली आहे किंवा एखादी लिंक राहिली आहे. झालं की कंट्रोल-झेड करायला विसरू नका.