तीन लाख हातात आहेत, गृहकर्जात भरून टाकू का?

प्रश्न : काका, मी सांगलीत हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेबाचं काम करते. टॅली, जीएसटी, वाहतुकीची बिलं, सगळं माझ्याकडे. हातात ३१,००० रुपये पडतात, दिवाळीला मालक वर २५,००० देतात. वय ४३. मुलगा आठवीत आहे. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. पोटगी ठरली आहे, पण येते तेव्हा येते. मी ती हिशेबात धरतच नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विश्रामबागेत वन बीएचके घेतला. आईने हट्टच धरला म्हणून करारनामा माझ्या एकटीच्या नावे झाला, पण कर्जात नवरा सहकर्जदार आहे. कर्ज १४ लाख, मुदत वीस वर्षं, हप्ता १२,३७२. तो पहिल्यापासून माझ्याच पगारातून जातो, एकही चुकलेला नाही. परवा बँकेतून उतारा आणला. बाकी ११,६०,०००, व्याज ९.१० टक्के आणि उरलेले हप्ते १६४. माझ्या हिशेबाने १५२ उरायला हवे होते. हे कसं?

आई गेल्यावर तिच्या ठेवींतला माझा वाटा म्हणून भावाने ३ लाख दिले. व्याज बरं मिळतं म्हणून ते एका पतसंस्थेत ठेवलेत. भाऊ म्हणतो, सगळे कर्जात भर आणि मोकळी हो. पेढीवरचे एक जण म्हणतात, कर्ज फेडू नका, टॅक्सची सूट जाईल, त्यापेक्षा म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी करा. ओढूनताणून महिन्याला अडीच-तीन हजार उरतात. पन्नाशीच्या आसपास तरी हे डोक्यावरून उतरावं असं वाटतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी त्या १६४ हप्त्यांचं बघू. हिशेबाचं काम करता म्हणून तुमच्या नजरेला ते खटकलं. बँकेच्या शाखेत नोकरीला असताना मी पाहिलंय, दहातले नऊ जण उताऱ्यावरचा हा आकडा वाचतच नाहीत.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५० वर नेला. कर्जं महागली. पण हप्ता वाढवला की कर्जदार भांडायला येतो, आणि मुदत वाढवली तर त्याला कळतही नाही. त्यामुळे बँकांनी बहुतेकांची मुदतच वाढवली. तुमचेही जादा हप्ते तिथूनच आले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. शिवाय किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते राहिले, याचा तपशील दर तिमाहीला द्या. तो तपशील तुमच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येऊन पडला असेल, शोधा.

आता ९.१० टक्क्यांचं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर उतरला. तुमच्यापर्यंत ती घट नीट पोचली नाही, कारण तुमचं कर्ज २०१८ चं, म्हणजे बहुधा एमसीएलआरवरचं, बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दराचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडावी लागतात. त्याआधीची कर्जं आपणहून वळत नाहीत, अर्ज करावा लागतो. बँक त्याचे काही हजार रुपये घेते. आज तुमच्या १२,३७२ च्या हप्त्यात सुमारे ८,८०० रुपये नुसतं व्याज आहे. दर ८ टक्के झाला असं धरा आणि हप्ता तोच ठेवा, तर १६४ चे १४८ हप्ते होतात. एक पैसाही जादा न भरता सोळा हप्ते गेले! अर्जाचे काही हजार त्यापुढे किरकोळ. बँकेने टाळाटाळ केली, तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याची चौकशी करतेय एवढंच काउंटरवर बोला. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

तीन लाखांचं माझं मत तुमच्या भावाला आवडणार नाही. निम्मे भरा, निम्मे ठेवा. गणित भावाच्या बाजूचं आहे, हे मान्य. ८ टक्के धरून सगळे तीन लाख भरले, तर ९४ हप्ते उरतात. दीड लाख भरले, तर ११८. दोन वर्षांचा फरक आहे, थोडा नाही. तरीही निम्मेच म्हणतो, कारण या घरात कमावणारं माणूस एक आहे. पेढी बंद पडली, तुम्हाला टायफॉइड झाला, मालकाचा मुलगा कामकाज बघायला लागला आणि त्याने आपला माणूस आणला, तर त्या महिन्याला १२,३७२ कोण भरणार? कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही. मग वैयक्तिक कर्ज नाहीतर सोनं तारण, आणि त्याचं व्याज घराच्या व्याजाहून चढं. शाखेत अशी माणसं यायची. घराचं कर्ज लवकर फेडल्याचं पत्र एका हातात आणि वैयक्तिक कर्जाचा अर्ज दुसऱ्या हातात.

जो दीड लाख ठेवायचा, तो पतसंस्थेत नको. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांच्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. आपल्या भागात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी चकरा मारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बँकेत पन्नास-पन्नास हजारांच्या तीन ठेवी करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल. हप्ता धरून तुमच्या घरखर्चाचे हे सव्वापाच महिने.

उरलेला दीड लाख भरताना अर्जात स्पष्ट लिहा : ‘हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ न लिहिल्यास काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता घटवतात. तेव्हा बरं वाटतं, पण व्याज फारसं वाचत नाही. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. कुणी मागितलाच, तर परिपत्रक दाखवा म्हणा.

मग महिन्याला वरचे १,५०० भरत जा. शिल्लक अडीच-तीन हजार असताना दीडच का, असं विचाराल. पोरगं आठवीत आहे. दोन-तीन वर्षांत अकरावीचे क्लास येतील, आणि ते किती मागतात ते सांगलीत राहणाऱ्याला मी काय सांगू! म्हणूनच बँकेकडून हप्ता वाढवून घेऊ नका. एकदा अधिकृत वाढला की तो सक्तीचा. दीड हजार तुम्ही आपणहून भरलेले असू देत, अडचणीच्या महिन्यात थांबवता येतात, कुणी विचारत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतारा बघा मात्र. ही रक्कम मुद्दलातून वजा झाली पाहिजे. पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ म्हणून नुसती पडून राहिली, तर तिचा उपयोग नाही.

हे सगळं जमलं तर शंभर हप्ते उरतात. म्हणजे २०३४ चा उन्हाळा. तुम्ही एकावन्नच्या, मुलगा एकविशीचा. पन्नाशी एका वर्षाने हुकते, तेवढं चालवून घ्या. पगार वाढला तर तेही भरून निघेल.

टॅक्सच्या सुटीचं एका वाक्यात सांगतो. तुमच्या पगारावर कर लागतच नाही. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत आहे आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्या पद्धतीत नाहीच. जी सूट मिळत नाही, ती जायची कुठून? एसआयपी वाईट नाही. पण बाजार किती देईल ते कुणी लिहून देत नाही, आणि कर्जाचे ८ टक्के तर नक्की वाचतात. दीड हजारांत दोन्ही करायला जाऊ नका.

दिवाळीच्या पंचवीस हजारांना हात लावू नका, ते विम्याचे. मायलेकांचा एक आरोग्य विमा आणि तुमचा एक साधा मुदत विमा. कर्जाएवढा तरी हवा, पंचवीस लाखांचा घेतलात तर आणखी बरं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेलाय, तेव्हा पूर्वीपेक्षा स्वस्त पडेल. वारस म्हणून मुलाचं नाव घाला. तो अज्ञान असल्यामुळे त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी व्यक्ती लिहावी लागते, तिथे भावाचं लिहा. आणि मृत्युपत्र करा. त्रेचाळिसाव्या वर्षी कसलं मृत्युपत्र, असं वाटेल. पण तुमच्या पश्चात अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक त्याचे वडीलच, आणि फ्लॅट मुलाच्या वाट्याला आला की त्याची व्यवस्थाही ते बघणार. ती कुणी बघावी हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर वकिलाकडून नीट लिहून घ्या. नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात.

सहकर्जदाराबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट तीच. घर तुमचं, हप्ता तुमचा आणि बँकेच्या कागदावर सही त्यांचीही. घटस्फोटाचा हुकूम बँकेवर बंधनकारक नसतो. तिच्या दृष्टीने दोघंही अजून कर्जदारच. रेपोवर वळवायच्या अर्जावरही बहुतेक बँका दोघांच्या सह्या मागतात. शेवटी कर्ज फिटेल तेव्हा मूळ करारनामा घ्यायलाही दोघांना बोलावतील, आणि आठ वर्षांनी ते कुठे असतील कुणी सांगावं. म्हणून अर्ज एकदमच द्या, दर वळवण्याचा आणि त्यांचं नाव काढण्याचा. हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांत बसतो आणि एकही थकलेला नाही, त्यामुळे बँकेला एकटीचं कर्ज मान्य करायला फार अडचण नसावी. दीड लाख भरल्यावर तर आणखीच सोपं. सही द्यायला ते कुरकुरले, तर हे कर्ज त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदींत, दिसतं आणि त्यांना उद्या स्वतःचं घर घ्यायचं झालं तर ते आडवं येईल, एवढंच सांगा. भावनेपेक्षा हे लवकर पटतं.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बोजा उतरल्याची नोंद सोसायटीच्या दप्तरातही करून घ्यायची असते, तेही २०३४ ला लक्षात ठेवा.

शाखेत जाताना उतारा, घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत आणि गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या नोंदी बरोबर न्या. अर्ज दोन प्रतींत करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि जायचं ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. वर्षअखेरच्या आठवड्यात गेलात, तर तुमच्याकडे कुणी मान वर करूनही बघणार नाही.