गोरोबाकाकांचं आख्यान ऐकवलं नाही, मी नास्तिक झाले का?

प्रश्न: ताई, गेल्या पावसाळ्यात आमची चार वर्षांची मुलगी डेंग्यूने गेली. परवा सासूबाई आग्रह करून कीर्तनाला घेऊन गेल्या आणि नेमकं गोरोबाकाकांचं आख्यान लागलं, चिखलात बाळ तुडवलं जातं ते. मी मधेच उठून आले. शेजारच्या काकू म्हणतात, श्रद्धा असती तर बसली असतीस, देवाने गोरोबांचं बाळ परत दिलंच ना. आता आषाढी आलीय, दरवर्षी उपवास करते, यंदा हात जोडायचीही इच्छा नाही. मी नास्तिक झाले का?

उत्तर: अगं, उठून आलीस ते बरोबरच केलंस. आणि काकूंचं बोलणं अजिबात मनावर घेऊ नकोस, श्रद्धा कमी पडली म्हणून लेकरं जात नाहीत गं, डास चावून आलेल्या तापाने जातात, त्यात तुझं काही चुकलेलं नाही.

पण त्या आख्यानात गोरोबांची बायकोही आहे, तिच्याकडे कुणी नीट बघतच नाही. तेरची ही कुंभारीण बाळाला नवऱ्याच्या भरवशावर ठेवून पाण्याला जाते, परत येते तर नवरा भजनात डोळे मिटून चिखल तुडवतोय आणि चिखल लाल झालाय. ती काय हात जोडते का? ती आकांत करते, नवऱ्याला बोलते, त्याच्या विठ्ठलालाही सोडत नाही, आणि गोरोबा चिडून मारायला धावतात तेव्हा म्हणते, मला हात लावाल तर तुम्हाला विठ्ठलाची शपथ. आत्ता ज्याला बोल लावला त्याचीच शपथ तोंडात आली! मला तर अख्ख्या आख्यानात ही जागा सगळ्यात खरी वाटते. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात बाळ रांगत परत येतं, पण ते कथेत, आपल्या घरी येत नाही, त्यामुळे लेकरू गेलेल्या आईला कुणी तो दाखला देऊच नये.

तुकोबांचंच बघ. 1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा संतूही गेला. ‘माझे लेखी देव मेला’ असं म्हणणारा अभंग त्यांच्याच गाथेत आहे, तो मुलासाठी लिहिला असं नाही म्हणत मी, पण ती गाथा वारकरी डोक्यावर घेऊन नाचतात, मग तू यंदा हात जोडले नाहीस तर काय बिघडलं? उपवास नको वाटतो तर नको करूस. देवाशी भांडावंसं वाटलं तर मोठ्याने भांड, लेकीचं नाव घेऊन भांड.

रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर मात्र अंगावर काढू नकोस, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आणि सासूबाईंना एकदा जवळ बसवून विचार, त्या कीर्तनाला का गेल्या होत्या. त्यांचीही नात गेलीय ना.