बॉनला ॲस्ट्रोफिजिक्स: इंदूरहून निघण्याआधी

होळकर सायन्समधून तुझी फिजिक्सची बी.एस्सी. संपतेय. जर्मनीत बॉनला ॲस्ट्रोफिजिक्समध्ये एम.एस्सी. करावी का आणि दुर्बिणीवर प्रत्यक्ष काम मिळेल का, असं तू विचारलंयस. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव करण्याआधी ते कळलेलं बरं.

दुर्बिणीला डोळाच लावायचा असेल तर तुला उज्जैनजवळची डोंगलाची वेधशाळा पुरे. इथे बॉनला हिवाळाभर ढग. शिवाय निरीक्षण म्हणजे आधी प्रस्ताव लिहून वेळ मागणं. चिलीत पारानाल वेधशाळेत वेळ मिळाला तरी बरेचदा निरीक्षण तिथलीच माणसं करतात, तुझ्याकडे फाइली येतात. मग बायस, डार्क, फ्लॅट या, कॅमेऱ्याचे दोष काढायला घेतलेल्या फोटोंची कटकट, आणि दिसतंय ते ताऱ्याचं की कॅमेऱ्याचं, याचा छडा लावायचा. मला यातच मजा येते. तुला येईल का, ते तू बघ.

बॉनचं खरं बळ रेडिओत आहे. जवळच एफेल्सबर्गला रेडिओ दुर्बिणीची १०० मीटर व्यासाची तबकडी १९७२ पासून चालू आहे. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींना ना ढगांची अडचण, ना दिवसाची. तबकडी मुद्दाम दरीत बांधलीय, म्हणजे आजूबाजूचे डोंगर बाहेरचा रेडिओ गोंगाट अडवतात. आणि गंमत म्हणजे याच ढगाळ गावात, बॉनमध्ये, आर्गेलांडर या खगोलशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात जेमतेम ७८ मिलिमीटरच्या दुर्बिणीने सव्वातीन लाख ताऱ्यांची यादी केली!

कोर्स दोन वर्षांचा आणि इंग्रजीत. दुसरं वर्ष जवळजवळ सगळं संशोधनाचं. बॉनच्या राज्यात शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. दुसऱ्या राज्यातल्या हायडेलबर्गला मात्र आपल्याकडच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ए.पी.एस. (आपली कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणारं जर्मन कार्यालय) प्रमाणपत्राला वेळ लागतो, मार्कशीटा आत्ताच गोळा कर. तीन वर्षांची पदवी चालेल का, हे विद्यापीठाला लेखी विचार. खोली मिळवणं ही वेगळीच प्रवेश परीक्षा. आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची सवय असेल तर ऐकून ठेव, रविवारी इथे किराणासुद्धा मिळत नाही.

माझं मत विचारशील तर आधी जॅम, म्हणजे आय.आय.टी.च्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे. सिमरोलला, आय.आय.टी. इंदूरमध्ये ॲस्ट्रॉनॉमीची एम.एस्सी. आहे. जर्मनीत पीएचडीला बहुधा पगार असतो, तेव्हा ये. बाबांची एफडी मोडायला नको. आय.आय.टी.त प्रवेश नाहीच मिळाला, तर मास्टर्सला बॉन उत्तमच.

तोवर एक कर. ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजलेल्या गाया उपग्रहाचा डेटा फुकट आहे. त्यातून कृत्तिकेच्या भागातले तारे घे, पॅरॅलॅक्स (पृथ्वी फिरताना ताऱ्याची जागा हलल्यासारखी दिसते ते, यावरून अंतर कळतं) ७.४ मिलीआर्कसेकंदांच्या आसपास असलेले आणि एकाच दिशेने सरकणारे तेवढे वेगळे काढ, आणि पायथनमध्ये रंग विरुद्ध तेजस्विता असा आलेख काढ. अर्जासोबतच्या पत्रात लिहायला काहीतरी स्वतःचं असेल. अडलीस तर कोड पाठव, शनिवारी बघते.