उत्तर: पिट्सबर्गहून एडिसनला जाताना पिस्तूल बरोबर न्यावं का?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, काउंटीच्या शेरीफकडून कॅरी परमिट (पिस्तूल जवळ घेऊन फिरण्याचा परवाना) मिळालंय आणि भाच्याच्या मुंजीसाठी दोन रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचंय. परमिट तिथे चालेल का, आणि नाही चाललं तर पिस्तूल डिकीत कुलूपबंद ठेवून नेता येईल का, असं विचारलंय. माझं उत्तर दोन्हींना नाही असंच आहे. पिस्तूल घरी ठेवा.

मी वकील नाही. हे कायदे सतत बदलतात, निघण्याआधी जाणकार वकिलाला विचाराच. होल्स्टर, सुरक्षितपणे हाताळणं वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आपल्या राज्याच्या पश्चिमेला ओहायो आणि दक्षिणेला वेस्ट व्हर्जिनिया, तिथे अडचण नाही. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि मेरीलँड बाहेरच्या कुठल्याही राज्याचं कॅरी परमिट मानत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं म्हणून हेही चालेल, असं आपण मनात धरून बसतो. बंदूक जवळ बाळगण्याच्या हक्काबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर तर बऱ्याच जणांना वाटतंय की देशभर सगळं सारखं झालं. तसं झालेलं नाही. एका राज्याने दुसऱ्याचं परमिट मानलंच पाहिजे, असं त्या निकालात कुठेही नाही.

डिकीचा मुद्दा येतो १९८६ च्या केंद्रीय कायद्यातून. त्यातलं ‘सेफ पॅसेज’चं, म्हणजे बंदूक घेऊन दुसऱ्या राज्यातून पार जाऊ देणारं, कलम सगळे अर्धंच सांगतात. पिस्तूल रिकामं हवं, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला येता कामा नयेत. वेगळी डिकी नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल, तर कुलूपबंद पेटी हवी आणि ग्लोव्ह बॉक्स त्यात धरत नाहीत. इतकं बहुतेकांना माहीत असतं. राहून जातो तो भाग असा की जिथून निघालात आणि जिथे पोचणार, दोन्हीकडे ते पिस्तूल बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. न्यू जर्सी ओलांडून मेन राज्यात जाणाऱ्याला हे कलम उपयोगी पडेल. तुमचा मुक्कामच एडिसनला आहे. न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यात रेंज (नेमबाजीच्या सरावाची जागा), शिकार, घर बदलणं यांसाठी सवलती आहेत. मुंज त्यात बसत नाही.

शनीन ॲलनची केस वाचा. फिलाडेल्फियाची बाई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट, २०१३ मध्ये न्यू जर्सीत गाडी थांबवली तेव्हा तिने प्रामाणिकपणे स्वतःच सांगितलं की पिस्तूल आहे. अटक झाली आणि वर्षानुवर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर आली. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्ती यांनी २०१५ मध्ये माफी दिली तेव्हा ते प्रकरण संपलं. ग्रेग रेव्हेल नावाचा विमानप्रवासी तर सगळं नियमाने करत होता. विमान चुकल्यामुळे त्याला न्यू जर्सीतच, नेवार्कला, रात्र काढावी लागली, बॅग हॉटेलवर आली आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल जाहीर केल्यावर अटक झाली. अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं की रात्रभर बॅग हाताशी होती, त्यामुळे सेफ पॅसेज लागू नाही.

हे दोघे नागरिक होते. आपल्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं तर देशाबाहेर काढण्याचं तेच एक स्वतंत्र कारण ठरतं. वकील खटल्याऐवजी एखादा सुधारणेचा सौम्य कार्यक्रम सुचवेल, तुरुंग टळेल. पण त्यात गुन्हा कबूल करावा लागत असेल तर इमिग्रेशन त्याला दोषी ठरणंच समजू शकतं. म्हणून फौजदारी वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही पहिल्या दिवसापासून हवा. (ज्यांचं अजून एच-वनच, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा, आहे त्यांनी शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदुकीच्या वाटेलाच जाऊ नये. केंद्रीय कायद्याने मनाई आहे.)

माझीही गाडी न्यू जर्सीतच थांबवली होती आणि अटक झाली होती. खटल्याचं पुराण सांगत नाही, शेवटी आरोप मागे घेतले गेले. खरा छळ पुढे, सिटिझनशिपच्या अर्जाच्या वेळी झाला. त्या अर्जाच्या फॉर्ममध्ये, एन-४०० मध्ये, कधी अटक झाली होती का असं विचारतात. केस रद्द झालेली असो की रेकॉर्ड पुसलेलं असो, ‘हो’ लिहावंच लागतं आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत द्यावी लागते.

ती प्रत देणाऱ्या ऑफिसचं नाव घेत नाही. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव टाईप केलं आणि रेकॉर्ड नाही म्हणाल्या. अटकेच्या वेळी कुणीतरी वडिलांचं नाव आडनावाला चिकटवून एकच लांब आडनाव केलं होतं, आणि रकान्यात मावलं नाही म्हणून शेवटची अक्षरं उडाली होती. केस नंबर दिला, तर म्हणे नंबर आहे, पण हा माणूस तुम्ही नाही. मी लायसन्स काचेखालून आत सरकवलं, त्यांनी न बघता बोटाने परत बाहेर सरकवलं. पोलिसांकडे जा म्हणाल्या. पोलीस म्हणाले, केस कोर्टात गेली, आता आमच्या हातात काही नाही. पुन्हा तीच खिडकी, पुन्हा नवा फॉर्म. अखेर कागद मिळाला तो साधा प्रिंटआउट. इंटरव्ह्यूच्या अधिकाऱ्याने शिक्क्याच्या जागी अंगठा फिरवून पाहिला आणि फाईल बाजूला ठेवली. आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज सिटिझनलाच करता येतो, त्यामुळे तोही रखडला. त्यांची त्या वयातली वर्षं अशी वाया गेली, याचा राग अजून जात नाही.

म्हणून कुणावर अशी वेळ आलीच, तर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहिलंय ना हे तिथल्या तिथे वाचून बघा. केस संपेल त्याच दिवशी वकिलाकडून शिक्क्याच्या चार-पाच प्रती काढून घ्या. कुठल्याही ऑफिसने फोनवर ‘चालतंय’ म्हटलं तर ईमेलवर मागा. लेखी द्यायला तयार नसतील तर त्या शब्दावर गाडी काढू नका.

जाता जाता, तुम्ही ओहायोचंही विचारलंय. पेनसिल्व्हेनियाचं परमिट तिथे चालतं. पण शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदुकीला मनाई करणारा केंद्रीय नियम फक्त त्याच राज्याच्या परमिटला सूट देतो, त्यामुळे गावातून जाताना पिस्तूल रिकामं करून पेटीत कुलूपबंद ठेवलेलं बरं. देवळात न्यायचं तर तिथे आधी देवळाची परवानगी लागते.

आणि एडिसनला पिस्तुलाशिवाय निघालात तरी गाडी नीट झाडून घ्या. रेंजवर नेतो ती बॅग, दाराचे कप्पे, सीटखालची जागा बघा. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन न्यू जर्सीत नुसतं सापडलं तरी गुन्हा होतो, आणि होलो पॉइंटची (टोकाला पोकळ असलेली) एखादी गोळी जरी पिशवीत राहिली तरी पुन्हा वकील शोधावा लागेल.